विंडोजचे गेम लिनक्सवर: अडते कुठे आणि का

गडहिंग्लजच्या एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या घरी दहा-अकरा वर्षांपूर्वी कोल्हापुरातून जुळवून घेतलेला संगणक आहे. त्यात इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि एनव्हिडियाचे जीटी ७३० ग्राफिक्स कार्ड आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ हा प्रोसेसर अधिकृतपणे स्वीकारत नाही, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकावी असे त्यांच्या मनात आहे. मात्र बारावीत शिकणारा मुलगा म्हणतो की सगळे गेम बंद पडतील, मेहुणे म्हणतात की व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक उभा करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, विंडोज घालून खेळता येते, आणि शाळेतले एक सहकारी सांगतात की विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा वाइन नावाचा प्रोग्रॅम आपण पूर्वी वापरून पाहिला आहे, त्याचा काही उपयोग नाही. मुलाची यादी क्रिकेट ०७, जीटीए ५, ईए स्पोर्ट्स एफसी, काउंटर-स्ट्राइक २ आणि व्हॅलोरंट अशी आहे. या तिघांपैकी खरे कोण, असे सरांनी विचारले आहे.

सर, आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे त्यांच्या काळापुरते खरे आहे, मुलाचे म्हणणे त्याच्या यादीतल्या दोन-तीन नावांपुरते खरे आहे, आणि मेहुण्यांचा सल्ला मात्र या संगणकाला लागू पडत नाही. राजारामपुरीतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात गेली एकोणीस वर्षे असे संगणक येत आहेत, आणि त्यांतले बरेच मी लिनक्सवर नेलेले आहेत. त्या अनुभवावरून सांगतो की विंडोजच्या गेमचे लिनक्ससाठी भाषांतर करण्याचे काम आता बहुतांशी जमून गेले आहे. आज गेम अडतो तो मुख्यतः दोन ठिकाणी: एक तर ग्राफिक्स कार्ड जुने असते, नाही तर गेमच्या मालकानेच दाराला कुलूप लावलेले असते. म्हणून डिस्कला हात लावण्यापूर्वी या दोन गोष्टी तपासाव्यात.

सहकाऱ्यांची निराशा समजण्यासारखी आहे. वाइनचे काम १९९३ मध्ये सुरू झाले आणि त्याची १.० ही आवृत्ती यायला २००८ साल उजाडले, म्हणजे पंधरा वर्षे गेली. त्यानंतरही बराच काळ परिस्थिती अशी होती की एखादा गेम सुरू झाला तर त्याचा आवाज यायचा नाही, आणि आवाज आला तर माउस भलतीकडे पळायचा. मीसुद्धा त्या काळात ग्राहकांना 'गेम हवे असतील तर विंडोजच ठेवा' असेच सांगत असे. चित्र पालटले ते २०१८ मध्ये. वाल्व्ह या कंपनीने वाइनवरच आधारलेला प्रोटॉन हा संच आपल्या स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात बसवला आणि त्यासाठी वाइनवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या कोडवीव्हर्स या कंपनीची साथ घेतली. पुढे २०२२ मध्ये वाल्व्हने स्टीम डेक हे हातात धरून खेळायचे यंत्र विकायला काढले, ते लिनक्सवरच चालते. स्वतःचा माल स्वतःच्या यंत्रावर चालला नाही तर धंदा बुडणार, अशी गाठ पडल्यावर दुरुस्त्यांचा वेग वाढला आणि त्याचा लाभ गडहिंग्लजमधल्या जुन्या संगणकापर्यंत आपोआप पोचतो.

हे भाषांतर म्हणजे नेमके काय, ते एकदा समजून घेतले तर पुढचा सगळा उलगडा सोपा होतो. सीमेपलीकडचा एखादा शेतकरी गुळाचे रवे घेऊन कोल्हापूरच्या मार्केट यार्डात येतो, तेव्हा गूळ तोच असतो आणि काटाही तोच असतो. फक्त त्याची कन्नड अडत्याला कळावी यासाठी शेजारी एक दुभाष्या उभा राहिला की काम भागते. गेमचेही तसेच आहे. गेमच्या फायलीतल्या सूचना ज्या जातीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेल्या असतात तोच प्रोसेसर आपल्या संगणकात आहे, त्यामुळे त्या सूचना जशाच्या तशा चालतात. वेगळी असते ती फक्त ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेली मागणी: ही फाईल उघड, ही खिडकी काढ, हा आवाज वाजव. ती मागणी विंडोजच्या बोलीत येते आणि वाइन ती लिनक्सच्या बोलीत पोचवते. मेहुण्यांचा व्हर्च्युअलबॉक्स म्हणजे त्या एका शेतकऱ्यासाठी यार्डाच्या आत दुसरे कन्नड यार्ड बांधण्यासारखे आहे. आठ जीबी रॅमचे दोन वाटे करायचे, ग्राफिक्स कार्डाची खरी ताकद आतल्या विंडोजपर्यंत पोचत नाही, आणि शेवटी पत्त्यांचा डाव तेवढा नीट चालतो. कार्ड थेट आतल्या विंडोजच्या हवाली करण्याची पद्धतही आहे, पण त्यासाठी सहसा दोन ग्राफिक्स यंत्रणा आणि बरीच चिकाटी लागते. आपल्या घरासाठी मी तिची शिफारस करणार नाही.

वाइनला सर्वांत जड जात असे ते चित्र काढण्याचे काम. विंडोजचे बहुतेक गेम डायरेक्टथ्रीडी या मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीने चित्राची मागणी करतात आणि ती पद्धत लिनक्सवर नाही. पूर्वी वाइन त्या मागणीचे रूपांतर ओपनजीएल या लिनक्सवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीत करत असे, पण त्यात वेग बराच पडत असे. २०१६ मध्ये व्हल्कन ही नवी, कार्डाच्या अगदी जवळ जाऊन बोलणारी पद्धत आली, आणि तिच्यावर डीएक्सव्हीके हा दुभाष्या उभा राहिला. डायरेक्टथ्रीडी ९, १० आणि ११ चे गेम तो व्हल्कनमध्ये बदलतो, आणि १२ साठी व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉन नावाचा त्याचा भाऊ आहे. हे दोन्ही प्रोटॉनमध्ये आधीच बसवलेले असतात. सुस्थितीतल्या कार्डावर विंडोज आणि लिनक्स यांच्यातला फरक खेळणाऱ्याला बहुधा जाणवतही नाही.

मात्र यातूनच आपल्या संगणकाची पहिली अडचण निघते: हे सगळे व्हल्कनवर उभे आहे आणि जीटी ७३० ला व्हल्कन पुरेसे येत नाही. या कार्डाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण जिल्ह्यातल्या जुन्या संगणकांत हेच किंवा जीटी ७१० कार्ड मला वारंवार सापडते. जीटी ७३० या एकाच नावाखाली एनव्हिडियाने दोन वेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या. काही कार्डांवर जीके२०८ (GK208) ही केप्लर पिढीची चिप आहे आणि काहींवर जीएफ१०८ (GF108) ही त्याहून जुनी फर्मी पिढीची. खोक्यावरून किंवा पंख्यावरच्या स्टिकरवरून हे कळतेच असे नाही. मिंटचा पेनड्राइव्ह लावून, काहीही इन्स्टॉल न करता संगणक सुरू करावा, टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून 'एलएसपीसीआय' (lspci) ही आज्ञा द्यावी, आणि 'व्हीजीए' (VGA) असे लिहिलेल्या ओळीत चिपचे नाव वाचावे. जीएफ१०८ निघाले तर व्हल्कनचा विषय तिथेच संपतो, कारण एनव्हिडियाने फर्मीसाठी व्हल्कनचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, दिलेलाच नाही. जीके२०८ निघाले तर एनव्हिडियाच्या ४७० या ड्रायव्हरवर व्हल्कन १.२ मिळते. डीएक्सव्हीकेच्या २.० आणि पुढच्या आवृत्त्यांना मात्र व्हल्कन १.३ लागते, आणि प्रोटॉन ८.० पासून पुढे त्याच आवृत्त्या आहेत.

याचा व्यवहारातला अर्थ असा की केप्लर कार्ड असलेल्या माणसाने स्टीममध्ये गेमच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये जाऊन 'कंपॅटिबिलिटी' या विभागात प्रोटॉन ७.० मुद्दाम निवडावे. ताजे प्रोटॉन ठेवले तर गेम काळी खिडकी दाखवून बंद होतो, आणि लोक दोष लिनक्सला देतात. प्रोटॉन ७.० वर जुने गेम चांगले चालतात. नवे चालण्याची खात्री देता येत नाही, पण नवे गेम त्या कार्डाला विंडोजवरही झेपत नव्हते हे विसरू नये. एक सावधगिरी घ्यावी. ४७० ही ड्रायव्हरची जुनी शाखा आहे आणि नव्या कर्नलबरोबर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याबरोबर, तिचे जमत नाही असे प्रसंग येतात, म्हणून अपडेटच्या यादीत नवा कर्नल दिसला की लगेच होकार देऊ नये आणि चालता कर्नल काढून टाकू नये. प्रोसेसरच्या आत असलेल्या इंटेलच्या ग्राफिक्सवर भिस्त ठेवावी तर चौथ्या पिढीत तिथेही व्हल्कन अपुरे आहे. सहाव्या पिढीपासून पुढे ते नीट आहे.

आपण मला खर्च किती करावा हे विचारलेले नाही, तरी सांगतो. या संगणकात प्रोसेसर आणि रॅम अजून काही वर्षे चालण्यासारखे आहेत. बदलायचे ते कार्ड. जुन्या बाजारात आरएक्स ५७० आणि ५८० ही एएमडीची कार्डे मिळतात, आणि एएमडीचा ड्रायव्हर लिनक्समध्ये मुळातच असल्यामुळे वेगळे काही बसवावे लागत नाही, ही फार मोठी सोय आहे. परंतु आरएक्स ५७० सुमारे १५० वॅट वीज ओढते, तिला पॉवर सप्लायमधून वेगळी वायर लागते, आणि दहा वर्षांपूर्वी जुळवलेल्या संगणकातल्या स्थानिक बनावटीच्या एसएमपीएसवर, म्हणजे पॉवर सप्लायवर, '४५० वॅट' असे छापलेले असले तरी मी त्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही. यातली अनेक कार्डे आभासी चलनाच्या खाणकामात दिवसरात्र भाजून निघालेली असतात, तोही धोका आहे. म्हणून आपल्यासाठी जीटीएक्स १०५० टीआय हे कार्ड अधिक योग्य वाटते. ते ७५ वॅटच्या आत राहते, बहुतेक मॉडेलना वेगळी वायर लागत नाही, आणि व्हल्कन १.३ त्यावर पूर्ण मिळते. एनव्हिडियाची ५८० ही त्या पिढीसाठीची शेवटची ड्रायव्हर शाखा आहे, त्यामुळे मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये तीच किंवा तिच्या आधीची निवडावी. कार्ड घेताना दुकानदाराकडून अर्धा तास एखादा गेम चालवून दाखवून मागावा. पंख्याचा आवाज आणि पडद्यावरचे ठिपके तेवढ्या वेळात बोलून जातात.

दुसरी अडचण कुलपाची, आणि तिच्यावर पैसे खर्च करून उपाय नाही. इंटरनेटवर एकमेकांविरुद्ध खेळायच्या गेममध्ये लबाडी पकडणारा एक पहारेकरी प्रोग्रॅम असतो, त्याला अँटी-चीट म्हणतात. यातले काही पहारेकरी विंडोजच्या अगदी गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, जाऊन बसतात. लिनक्सवर विंडोजचा गाभाच नसल्यामुळे त्यांना बसायला जागा मिळत नाही, आणि गेम दार उघडत नाही. व्हॅलोरंटचा व्हॅनगार्ड हा त्याच जातीचा आहे, म्हणून व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही आणि त्यासाठी युक्त्या शोधण्यात वेळ घालवू नये. युक्ती सापडलीच तर खाते बंद होण्याची शक्यता अधिक.

इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या पहारेकऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. २०२१ पासून दोघांनाही प्रोटॉनमध्ये चालता येते, पण प्रत्येक गेमच्या मालकाने तशी परवानगी चालू करावी लागते. काही मालक ती देतात, काही देत नाहीत, आणि काही दिलेली परत घेतात. एपेक्स लेजंड्स लिनक्सवर छान चालत असे. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर मालकांनी लिनक्सवाल्यांसाठी दार बंद केले. जीटीए ५ मध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय आला आणि लिनक्सवरून ऑनलाइन खेळणे थांबले. एकट्याने खेळायची कथा मात्र चालते. आपल्या मुलाला यातले काय हवे आहे, ते त्याला आधी विचारावे. यात तंत्र कुठेच कमी पडत नाही, ते फक्त मालकाच्या मर्जीवर आहे, आणि म्हणूनच आज चालणारा ऑनलाइन गेम पुढच्या दिवाळीतही चालेल असे वचन मी कोणालाच देत नाही.

कोल्हापुरात या कुलपाचा सर्वांत मोठा फटका फुटबॉलला बसतो. पेठापेठांतल्या संघांसाठी शाहू स्टेडियमवर गळा बसेपर्यंत ओरडणारी पोरे घरी आल्यावर ईए स्पोर्ट्सचा फुटबॉल लावतात, आणि नेमक्या त्याच मालिकेत फिफा २३ पासून कंपनीने स्वतःचा, कर्नलमध्ये बसणारा पहारेकरी घातला आहे. तो लिनक्सला ओळखत नाही. घरातल्या घरात भावाविरुद्ध खेळायचे असले तरी तो आडवा येतो. हे ऐकून मंगळवार पेठेतला एक मुलगा माझ्या दुकानातून तसाच परत गेला, आणि त्याचे मला काही चुकीचे वाटले नाही. ज्याला तोच एक गेम हवा आहे त्याने विंडोज सोडू नये. संघ बांधण्यात आणि डावपेच आखण्यात रस असेल तर फुटबॉल मॅनेजर २०२४ प्रोटॉनवर उत्तम चालतो, पण पायाने खेळणाऱ्याला कागदावरचा फुटबॉल रुचेलच असे नाही. काउंटर-स्ट्राइक २ ला कुलपाची अडचण नाही, कारण वाल्व्हने त्याची लिनक्ससाठी स्वतंत्र आवृत्तीच काढली आहे. तिथे दुभाष्याही लागत नाही. केप्लर चिपच्या जीटी ७३० वर तो रखडेल, पण तो विंडोजवरही रखडतोच.

यादी तपासण्यासाठी प्रोटॉनडीबी नावाचे संकेतस्थळ पाहावे. तिथे खेळणारे लोक स्वतःचे अनुभव लिहितात आणि त्यावरून प्रत्येक गेमला प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ अशी श्रेणी मिळते. नुसत्या श्रेणीवर जाऊ नये. गेल्या दोन-तीन महिन्यांतले अनुभव वाचावेत आणि त्यांतही आपल्यासारखे कार्ड असलेल्या माणसाचे आधी. चार वर्षांपूर्वीच्या 'प्लॅटिनम'ला काही अर्थ नसतो.

आता डिस्कविषयी, कारण इथे मी स्वतः दोन संध्याकाळी घालवल्या आहेत. कागलच्या माझ्या भाच्याच्या संगणकावर विंडोज आणि मिंट दोन्ही होते, आणि त्याचे स्टीमचे गेम डिस्कवरच्या विंडोजच्या विभागात (पार्टिशनमध्ये) होते. साठ-सत्तर जीबी पुन्हा उतरवण्यापेक्षा मिंटमधल्या स्टीमला तोच विभाग दाखवावा असा हुशारीचा विचार मी केला. गेम यादीत लगेच दिसले. 'प्ले'चे हिरवे बटण दाबले की ते निळे होऊन 'स्टॉप' दिसायचे, तीन-चार सेकंद जायचे आणि बटण पुन्हा हिरवे. खिडकी नाही, चूक सांगणारा एक शब्द नाही. पहिली संध्याकाळ ड्रायव्हर काढण्यात आणि घालण्यात गेली, मधे दोनदा लाईट गेली ती वेगळीच. दुसऱ्या दिवशी स्टीम टर्मिनलमधून सुरू केले आणि धावत्या ओळी वाचल्या तेव्हा कारण सापडले. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक छोटा खोटा 'सी ड्राइव्ह' तयार करतो, आणि त्यात 'सी:' व 'झेड:' अशा नावांचे दुवे ठेवतो. विंडोजच्या एनटीएफएस विभागात फाईलच्या नावात विसर्गासारखे ते दोन ठिपके चालत नाहीत. दुवा बनत नाही, म्हणून गेम उठत नाही. आणि दुवा कसाबसा बनलाच, तर विंडोज पुढच्या वेळी डिस्क बिघडली म्हणून तपासणी सुरू करते. शिवाय विंडोजचे 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर संगणक खरोखर बंद होतच नाही, आणि लिनक्सला तो विभाग फक्त वाचण्यापुरता मिळतो. उपाय सोपा निघाला: लिनक्सच्या ईएक्सटी४ विभागात जागा करून गेमचे फोल्डर तिकडे कॉपी केले आणि स्टीमला फायलींची तपासणी करायला सांगितले. नव्याने जे उतरवावे लागले ते किरकोळच होते.

त्याच भाच्याचा एक दुसरा अपराध माझ्या नावावर आहे. एक गेम हट्टाने सुरू होईना, तेव्हा मी त्याचा तो खोटा 'सी ड्राइव्ह' सरळ पुसून टाकला. प्रोटॉन तो पुन्हा बनवतो आणि बऱ्याच तक्रारी तेवढ्याने मिटतात, हे खरे. परंतु अनेक गेम आपली प्रगती त्याच ड्राइव्हमधल्या 'डॉक्युमेंट्स'मध्ये साठवतात, आणि सगळेच गेम स्टीमच्या क्लाउडवर नक्कल ठेवत नाहीत. भाच्याचा अख्खा हंगाम गेला आणि तो पंधरा दिवस माझ्याशी मोजकेच बोलत होता. तेव्हापासून मी 'स्टीमॲप्स' (steamapps) मधल्या 'कॉम्पॅटडेटा' (compatdata) या फोल्डरची नक्कल घेतल्याशिवाय त्याला हात लावत नाही. आत आकड्यांच्या नावाची फोल्डरे दिसतात. तो आकडा म्हणजे त्या गेमचा स्टीममधला क्रमांक असतो.

किरकोळ तक्रारींपैकी दोनच सांगतो. पहिल्यांदा खेळताना काही गेम दर वळणावर क्षणभर अडखळतात, कारण चित्र रंगवण्याच्या छोट्या सूचना कार्डाच्या भाषेत तेव्हाच तयार होत असतात. एकदा तयार झाल्या की त्या साठवून ठेवल्या जातात, म्हणून पहिल्या तासावरून मत बनवू नये. दुसरी तक्रार कथेच्या मधे येणाऱ्या चित्रफितींची. फितीच्या जागी कधी कधी जुन्या दूरदर्शनवर कार्यक्रमाआधी दिसायचे तसे रंगीत उभे पट्टे दिसतात. तो बिघाड नसून त्या फितीचा साचा उघडण्याचा परवाना प्रोटॉनकडे नसल्याची खूण आहे. जीई-प्रोटॉन ही स्वयंसेवकांनी बांधलेली आवृत्ती वापरली की बहुतेक वेळा फीत दिसू लागते. मात्र तिच्या ताज्या आवृत्त्यांनाही व्हल्कन १.३ लागते.

क्रिकेट ०७ स्टीमवर मिळत नाही, म्हणून तो सीडीवरून बसवावा लागेल. त्यासाठी लुट्रिस किंवा बॉटल्स या प्रोग्रॅमांपैकी एक घ्यावा. दोन्ही वाइनच वापरतात, फक्त प्रत्येक गेमची खोली वेगळी ठेवतात आणि आवश्यक त्या डीएलएल, म्हणजे विंडोजच्या साहाय्यक, फायली बसवून देतात. डायरेक्टथ्रीडी ९ चा हा गेम आपल्या जुन्या कार्डालाही जड नाही, आणि कार्ड फर्मीचे निघाले तर डीएक्सव्हीके बंद करून जुन्या ओपनजीएलच्या वाटेने तो चालवता येतो. त्या काळातल्या अनेक सीडींवर सेफडिस्कसारखे नक्कलरोधक कुलूप असे आणि ते वाइनमध्ये बहुधा उघडत नाही. विंडोज १० नेही त्याचा ड्रायव्हर काढून टाकला होता, तेव्हा सीडी तिथे चालत नसेल तर इथे चालण्याची आशा कमी. 'पूर्ण गेम फुकट' असे सांगणाऱ्या संकेतस्थळांवरून फाईल आणण्याचा मोह मुलाला होईल. लिनक्सवर व्हायरस येत नाही या समजुतीवर त्याने विसंबू नये. वाइनमधला 'झेड:' ड्राइव्ह म्हणजे आपली संपूर्ण डिस्क असते, आणि विंडोजचा खंडणीखोर व्हायरस वाइनमधून चालला तर घरचे फोटो आणि आपल्या प्रश्नपत्रिका कुलूपबंद करायला तो पुरेसा आहे.

भाचीच्या मॅकविषयी आपण जाता जाता विचारले आहे. तिथेही वाइनच्याच घराण्यातला क्रॉसओव्हर विकत मिळतो आणि ॲपलने २०२३ मध्ये डायरेक्टथ्रीडीचे भाषांतर करणारा स्वतःचा संच काढला, पण तो मुख्यतः गेम बनवणाऱ्यांसाठी आहे. शिवाय नव्या मॅकमध्ये प्रोसेसरची जातच वेगळी असल्यामुळे भाषांतराचा आणखी एक थर लागतो. अभ्यासाचा मॅक अभ्यासाला ठेवावा.

आता आपल्या घरापुरता क्रम. मुलाकडून यादी घेऊन प्रत्येक नावापुढे 'एकट्याने' की 'ऑनलाइन' असे लिहून घ्यावे आणि कुलूपवाली नावे वेगळी काढावीत. व्हॅलोरंट किंवा ईएचा फुटबॉल त्याला सोडायचाच नसेल, तर सध्याची हार्ड डिस्क विंडोजसह फक्त त्या गेमपुरती राखावी, तिच्यावर बँकेचे किंवा शाळेचे काम करू नये, आणि मिंटसाठी वेगळी एसएसडी घ्यावी. मिंट बसवताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवावी, म्हणजे चुकीची डिस्क पुसली जाण्याचा प्रश्नच राहत नाही. स्टीम घेताना मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये त्याची दोन रूपे दिसतात. त्यांतले फ्लॅटपॅक, म्हणजे बाकीच्या सिस्टिमपासून वेगळे राहणारे रूप, टाळून साधे सिस्टिम पॅकेज घ्यावे, कारण फ्लॅटपॅकला दुसऱ्या डिस्कवरचे गेम आपोआप दिसत नाहीत.

ड्रायव्हर बसवून संगणक पुन्हा सुरू केल्यावर, एकही गेम उतरवण्यापूर्वी, 'व्हल्कन-टूल्स' (vulkan-tools) हे छोटे पॅकेज बसवून टर्मिनलमध्ये 'व्हीकेक्यूब' (vkcube) असे टाइप करावे. एका खिडकीत चौकोनी ठोकळा फिरताना दिसेल. नुसता ठोकळा पाहून समाधान मानू नये. टर्मिनलमध्ये निवडलेल्या कार्डाचे नाव छापले जाते ते वाचावे. तिथे एनव्हिडियाचे नाव असेल तर पुढे जावे. 'एलएलव्हीएमपाइप' (llvmpipe) असे दिसले तर ठोकळा प्रोसेसर फिरवत आहे, कार्ड नव्हे. मग त्या ओळीचा आणि 'एलएसपीसीआय'च्या ओळीचा मोबाइलवर फोटो काढून मला पाठवावा.